काँक्रीटची पन्हळ : उतार बेताचा, पाणी मापाचे, माणूस बाजूला



भाताची मळणी आटोपली, सुपारीचे काम आवरत आले, म्हणजे आपल्या जोयडा तालुक्यात बांधकामांचे दिवस सुरू होतात. कोणी घरावर स्लॅब घालतो, कोणी गोठ्याची जमीन पक्की करतो, कोणी विहिरीचा कठडा, पाण्याची टाकी किंवा गोबरगॅसचा खड्डा बांधायला काढतो. पहिला पाऊस पडण्यापूर्वी हे सारे उरकायचे असते. या घाईच्या दिवसांत फार उपयोगी पडणाऱ्या, पण नीट न वापरल्यास घात करणाऱ्या एका साध्या साधनाविषयी या वेळी आम्ही लिहीत आहोत. ते साधन म्हणजे काँक्रीट वरून खाली सोडण्याची पन्हळ. गवंडी व कंत्राटदार तिला शूट म्हणतात.

आपला मुलूख डोंगर-उताराचा. रस्ता वर आणि घराची जागा खाली, असे कितीतरी ठिकाणी असते. मिक्सर रस्त्याच्या कडेला उभा करून खाली पन्हळ लावली, तर शेकडो घमेली डोक्यावरून वाहण्याचे श्रम वाचतात, वेळ वाचतो आणि काम सलग होते. तेव्हा पन्हळ लावणे चुकीचे नाही. ती कशी लावावी, हे मात्र शिकून घ्यावयास हवे.

काँक्रीट म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको. गणेशगुडीचे सुपा धरण हे काँक्रीटचेच आहे. १९८७ साली पूर्ण झालेले हे धरण १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब आहे. त्याच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले आणि कित्येक कुटुंबांना रामनगरात नवे घर मांडावे लागले. एवढ्या मोठ्या कामावर माप घ्यायला आणि देखरेख करायला अभियंते असतात. आपल्या अंगणातल्या कामावर असतो तो एक गवंडी, चार-सहा मजूर आणि घरमालक. माप डोळ्यांनी घेतले जाते आणि देखरेख दैवावर सोडली जाते. घर लहान असले तरी नियम तेच आहेत, हे आधी मनात पक्के करावे.

पाणी आणि काँक्रीट यांत फरक

पोफळीचा सोट चिरून केलेली बागेतली पन्हळ आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यातून पाणी मुकाट्याने वाहते. काँक्रीटचे तसे नाही. काँक्रीट हे खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी यांचे मिश्रण आहे. ते चुकीच्या रीतीने वाहू दिले, तर जड खडी एकीकडे पळते आणि सिमेंट-वाळूचा माल दुसरीकडे साचतो. असे फुटलेले काँक्रीट साच्यात पडले की भिंतीत किंवा खांबात मधाच्या पोळ्यासारखी भोके राहतात. वरून गिलावा केला म्हणजे ती दिसत नाहीत, पण आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस ती शोधून काढतो. पाणी आत शिरते, लोखंडी सळई गंजते, गंजून फुगते, आणि काही वर्षांत काँक्रीटचे ढलपे पडू लागतात.

दुसरा फरक वजनाचा. ओल्या काँक्रीटच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ६८ किलो भरते. दहा फूट लांब आणि एक फूट रुंद अशी अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली, तर तिच्यात अडीचशे किलोंहून जास्त वजन येते. म्हणजे सिमेंटची पाच पोती एका पत्र्यावर ठेवल्यासारखे झाले. पन्हळ निसटली तर हे वजन खालच्या माणसाच्या अंगावर येते.

पन्हळ कशी असावी

पन्हळ लोखंडी पत्र्याची, किंवा फळ्यांना आतून पत्रा मारलेली असावी. नुसते लाकूड मिश्रणातले पाणी पिते आणि माल त्याला चिकटून राहतो. तळ गोलसर असावा. चौकोनी तळाच्या कोपऱ्यांत माल अडकतो. बाजू पुरेशा उंच असाव्यात, म्हणजे खडी उडून बाहेर पडणार नाही. दोन पत्रे जोडताना वरच्या पत्र्याचे टोक खालच्या पत्र्याच्या आत यावे. जोड बोल्टने आवळावा, नुसत्या तारेने गुंडाळू नये. पत्र्याच्या धारदार कडा वाकवून घ्याव्यात. बोटे कापण्याचे प्रकार बहुधा याच कडांमुळे होतात.

पन्हळीखाली दर चार फुटांवर लाकडी घोडी उभी करून तिला पन्हळ बांधावी. घोडीचे पाय घट्ट जमिनीवर असावेत. भुसभुशीत भरावावर किंवा सुट्या चिऱ्यांच्या ढिगावर नसावेत. पन्हळ स्लॅबच्या सेंट्रिंगवर किंवा खांबाच्या उभ्या सळयांवर कधीही टेकवू नये. काँक्रीट धावू लागले की पन्हळ हादरते, आणि तो हादरा सेंट्रिंगच्या टेकूंना बसतो.

उतार किती असावा

या पाठातील हा मुख्य मुद्दा आहे. एक फूट उतरण्यासाठी दोन ते तीन फूट आडवे अंतर, असा उतार पन्हळीला असावा. समजा, रस्ता आणि खालचे काम यांत सहा फुटांचा फरक आहे. तर पन्हळीने बारा ते अठरा फूट आडवे अंतर घेतले पाहिजे. दोरी व फूटपट्टी घेऊन हे माप पाच मिनिटांत काढता येते.

उतार याहून जास्त असला तर खडी पुढे धावते आणि माल मागे राहतो. उतार याहून कमी असला तर काँक्रीट अडते. मग मजूर कंटाळतात, कोणीतरी बादलीभर पाणी ओततो, आणि काम बिघडते.

ही चूक आपल्याच गावची आहे असे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठमोठ्या इमारतींवर उंच मनोरे उभारून लांबच लांब पन्हळींतून काँक्रीट सोडण्याची पद्धत निघाली. दूरवर पोचावे म्हणून मिश्रण पातळ केले जाई. काम झपाट्याने होई, पण काँक्रीट कच्चे राही. शिकागो येथील लुईस संस्थेतील संशोधक डफ एब्रम्स यांनी असंख्य चाचण्या करून १९१८ साली एक साधा नियम मांडला : सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितकी काँक्रीटची ताकद कमी. आज जगभरचे काँक्रीट याच नियमाच्या आधारे केले जाते.

त्याचे कारण समजण्यासारखे आहे. सिमेंटला घट्ट होण्यासाठी लागते तेवढेच पाणी त्याच्याशी एकरूप होते. बाकीचे पाणी पुढे सुकून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. घराच्या स्लॅबसाठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी असे प्रमाण घेतले, तर ५० किलोच्या एका पोत्यास ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालू नये, असे भारतीय मानक सांगते. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही या ३० लिटरांतच धरावे. यासाठी एक डबा मापून ठेवावा आणि पाण्याजवळ एकाच जबाबदार माणसाला बसवावे. नळी कोणाच्याही हाती देऊ नये. पन्हळीत तर पाणी मुळीच ओतू नये.

जागा अपुरी असेल तर काय करावे? दहा फूट उतार आणि आडवी जागाही दहाच फूट, अशी अडचण पुष्कळदा येते. अशा वेळी सरळ पन्हळ लावू नये. मध्ये एक पत्र्याचा चौथरा करावा, पहिली पन्हळ तिथे सोडावी, फावड्याने माल पुन्हा खालीवर करून घ्यावा आणि तेथून दुसऱ्या दिशेने दुसरी पन्हळ न्यावी. वीस फुटांहून लांब पन्हळीलाही हाच उपाय लागू आहे. तेही जमत नसेल तर घमेली बरी.

पन्हळीचे तोंड

पन्हळीच्या तोंडातून काँक्रीट तिरपे उडते. खडी पुढे जाऊन साच्याच्या समोरच्या बाजूला आपटते. ती अडवण्यासाठी नुसती एक फळी आडवी धरली, तर खडी दुसऱ्या बाजूला साचते. दोष तसाच राहतो. म्हणून तोंडाशी आडफळी लावून तिच्याखाली पत्र्याचे निदान दोन फुटांचे उभे नळकांडे बसवावे. मग माल सरळ खाली पडतो.

नळकांड्याच्या तोंडापासून खालपर्यंत काँक्रीट १.५ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच फुटांपेक्षा, जास्त उंचीवरून पडू देऊ नये. खोल खड्ड्यात किंवा उंच खांबात ओतताना नळकांडे लांब करावे.

काँक्रीट एकाच जागी ढीग करून ओतणे ही मोठी धोक्याची गोष्ट आहे. चार इंची स्लॅबच्या काँक्रीटचा भार दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो असतो. पन्हळीच्या तोंडाखाली वीस इंचांचा ढीग झाला, तर त्याच जागी तो भार पाचपट होतो. सेंट्रिंगच्या टेकूंनी तो सोसावा, अशी अपेक्षा कशी करावी? स्लॅब पडतात ते बहुधा ओतण्याच्या दिवशीच, आणि वर माणसे काम करीत असतानाच. सबब पन्हळीचे तोंड सतत हलवत राहावे, किंवा माल चौथऱ्यावर घेऊन फावड्याने व घमेल्यांनी पसरावा. ओतणे चालू असताना सेंट्रिंगच्या खाली कोणीही जाऊ नये, मुलांनी तर नाहीच.

माणसांच्या जागा ठरवाव्यात

काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांना एकत्र उभे करून प्रत्येकाची जागा सांगावी. पन्हळीखाली कोणी उभे राहायचे नाही, तिच्याखालून ये-जा करायची नाही. तोंडाजवळचा माणूस समोर नव्हे, बाजूला उभा राहील.

आपल्याकडच्या कामावर कोंकणी, मराठी, कानडी, हिंदी असे चार भाषांचे मजूर एकत्र येतात. वरचा माणूस एक बोलतो, खालचा दुसरेच समजतो. म्हणून शिट्टीची खूण ठरवावी : एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. ही शिट्टी कोणालाही वाजवता यावी, आणि ती वाजली की का म्हणून न विचारता वरचा माल बंद व्हावा.

पन्हळ तुंबली तर आधी वरचा माल थांबवावा. मग बाजूला उभे राहून लांब लाकडी काठीने माल मोकळा करावा. पन्हळीत चढू नये, हात घालू नये आणि खाली उभे राहून ओढू नये. तुंबलेला माल सुटतो तेव्हा एकदम सुटतो.

विजेच्या तारेखाली पन्हळ उभारूच नये. लांब पत्रा उचलताना तो तारेला लागला, तर उचलणारे सगळेच सापडतात. दुसरी जागा नसेल तर हेस्कॉमच्या कचेरीत आधी सांगून काम होईपर्यंत वीज बंद करून घ्यावी. माल दाबण्याचे व्हायब्रेटर विजेवर चालत असेल, तर त्याची वायर ओल्यातून लोळवू नये.

तयार काँक्रीटची मोठी गाडी येणार असेल तर

पक्का रस्ता असलेल्या ठिकाणी आता फिरत्या पिंपाची मिक्सर गाडीही येते. तिच्यात सहा घनमीटर माल असला, तर नुसत्या काँक्रीटचेच वजन १४ टनांच्या वर जाते. अशी गाडी खड्ड्याच्या काठाशी आणली, तर काठ ढासळतो. खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर चाके आणि काठ यांमध्ये ठेवावे. चार फूट खोल पायासाठी चार फूट अंतर; माती ओली किंवा भरावाची असेल तर त्याहून जास्त.

गाडी मागे येताना तिच्या मागे कोणी उभे राहू नये. चालकाला दिसेल अशा बाजूच्या जागी एकच माणूस खुणा करील. गाडीची पन्हळ घडीची असते. ती उघडताना व मिटताना बिजागरीत बोटे सापडतात, म्हणून ते काम चालकाने किंवा त्याच्या मदतनिसानेच करावे. कडी नीट बसल्याशिवाय माल सोडू नये. पन्हळ धरून गाडीबरोबर चालत जाऊ नये.

ओले सिमेंट आणि आपले शरीर

ओले सिमेंट तीव्र क्षारयुक्त असते, चुन्यासारखे. ते कातडी भाजते. पण भाजताना सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस सावध होत नाही. दिवसभर अनवाणी पायांनी काँक्रीटमध्ये उभ्या राहिलेल्या मजुराला रात्री पायांची आग जाणवते, आणि सकाळी फोड दिसतात. स्लॅबवर गुडघे टेकून थापी मारणाऱ्यांच्या गुडघ्यांना असेच होते.

यासाठी गमबूट व रबरी हातमोजे घालावेत. ते घरमालकाने आणून द्यावेत. हातांना खोबरेल तेल लावले म्हणजे झाले, असा समज आहे. तेल हातमोज्याचे काम करीत नाही. बुटात किंवा मोज्यात ओला माल गेला तर ते लगेच काढून पाय-हात धुवावेत. काँक्रीटने भिजलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत.

कातडीला लागले तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे. हळद, चुना, दंतमंजन असले काही लावू नये. फोड आले किंवा कातडी पांढरी-काळी पडली, तर डॉक्टरांना दाखवावे.

पन्हळीच्या तोंडाशी डोळ्यांत माल उडण्याची भीती जास्त. तेथे काम करणाऱ्याने चष्मा लावावा. डोळ्यांत गेलेच तर चोळू नये. पापण्या उघड्या धरून निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, आणि मगच इस्पितळाकडे निघावे. दूध, तूप, मध डोळ्यांत घालू नये. आपल्या आतल्या गावांतून दवाखान्यात पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात डोळा जाऊ शकतो. म्हणून कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याशिवाय एक स्वच्छ, झाकलेली घागर डोळ्यांसाठी वेगळी भरून ठेवावी. मोठा अपघात झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काम संपल्यावर

माल घट्ट होण्याआधी पन्हळ धुवावी; वाळलेला थर पुढच्या वेळी माल अडवतो. ते धुतलेले पाणी मात्र ओहोळात, विहिरीजवळ किंवा बागेच्या पाटात सोडू नये. त्याने मासे मरतात, आणि गुरे ते प्यायली तर त्यांच्या तोंडा-पोटाला इजा होते. बाजूला खड्डा खणून त्यात ते मुरू द्यावे आणि खड्ड्यावर काटक्या टाकाव्यात. स्लॅबवर निदान दहा दिवस पाणी ठेवावे.

दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी

जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात (२२:८) घर बांधणाऱ्यासाठी एक आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. नाहीतर तेथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. ध्यानात घ्या, ही आज्ञा पडणाऱ्याला नाही, घरमालकाला आहे. मजूर सावध नव्हता, असे म्हणून आपली सुटका होत नाही. गमबूट, शिट्टी, घागर आणि नीट बांधलेली पन्हळ हा आपल्या काळातला कठडा होय.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामगार संत जोसेफ यांचा सण म्हणून ठरवला. तो सण आपल्याकडे नेमका बांधकामांच्या भर दिवसांत येतो. त्या निमित्ताने आणखी एक गोष्ट करता येईल. मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या मजुराला कर्नाटकाच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवता येते. आपल्या कामावरच्या मजुरांना हे सांगावे आणि कागद भरायला मदत करावी.

खालील ओळी कापून घ्याव्यात आणि काँक्रीट ओतण्याच्या सकाळी सर्वांना वाचून दाखवाव्यात :

१. एक फूट उतरायला दोन ते तीन फूट आडवे अंतर.
२. पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नाही; पन्हळीत पाणी मुळीच नाही.
३. पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून माल पाडायचा नाही.
४. एका जागी ढीग नाही. सेंट्रिंगखाली माणूस नाही.
५. पन्हळ सेंट्रिंगला किंवा सळईला टेकवायची नाही.
६. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा.
७. तुंबल्यास आधी माल बंद, मग बाजूने काठी.
८. गमबूट, हातमोजे, चष्मा आणि डोळ्यांसाठी पाण्याची घागर.

घर पुरे होते, त्याच्या आशीर्वादाला फादर येतात, शेजारीपाजारी जमतात. ज्यांनी ते उभारले ते मजूरही त्या दिवशी धडधाकट हातापायांनी आणि शाबूत डोळ्यांनी आपल्या पंगतीला असावेत, एवढीच आमची इच्छा.